ती ट्यूब कोणी दिली गं तुला?

पत्र असं आहे, थोडं कापून देते:

"ताई, मी ३९ वर्षांची, मानेवाड्याला राहते, हिंगणा एमआयडीसीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते, रोज स्कुटीनं जाणं-येणं. मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नात नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, वहिनी, तुम्ही तर आमच्या दादापेक्षा मोठ्या दिसून राहिल्या. हसले मी, पण रात्री झोप नाही आली. गालांवर वांग आलं आहे, डोळ्यांखाली काळं, त्वचा ढिली वाटते. १८०० रुपयांची कोलॅजन पावडर आणली, संत्र्याच्या सालीची पावडर लावते, सकाळी लिंबूपाणी पिते. सकाळी चहा, मग पोहे नाही तर उपमा, अन् त्यावर चहा. डब्यात पोळी-भाजी, ऑफिसात दोनदा चहा-बिस्किट, रात्री सगळ्यांचं झाल्यावर दहा-साडेदहाला जे उरलं असेल ते. अंडी उकडते, पण मुलांसाठी. ह्यांचा सुपारी-तंबाखूचा खर्रा काही सुटत नाही. एका मेडिकलवाल्यानं गोरं व्हायची एक ट्यूब दिली होती, वर्षभर झालं, ती लावली की मस्त उजळ दिसतं, दोन दिवस नाही लावली की चेहरा लाल होऊन खाजतो, म्हणून ती सोडत नाही. अजून काय खाऊ म्हणजे दहा वर्षांनी लहान दिसेन? - मानेवाड्याची वहिनी"

अगं वहिनी, तू विचारलं काय खाऊ, अन् मी पत्र वाचता वाचता अडकले त्या ट्यूबवर. तू ते असं सहज लिहून टाकलं जसं काही दुधाचा हिशोब, पण तुझ्या सगळ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. लावली की उजळ, सोडली की लाल अन् खाज, हे ऐकलं की कोणीही स्किनचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारेल की बाई यात स्टेरॉइड आहे का. ट्यूब किंवा तिचं खोकं शोध अन् बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. बरेचदा त्याच्यासोबत रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन अन् ट्रेटिनोइनही असतं, तिन्ही मिळून एक ट्यूब. आता हे औषध वाईट नाही हां, वांगासाठी डॉक्टर स्वतःच देतात, पण ठरावीक आठवडे, त्यांच्या नजरेखाली. वर्षभर क्रीमसारखं थापायला नाही. स्टेरॉइड चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलं तर चामडी पातळ होते, बारीक लाल नसा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर लव वाढते, अन् ऊन सहन होत नाही. तुला जे "ढिली" वाटून राहिलं आहे ना, त्यात त्या ट्यूबचा हात असू शकतो. म्हणजे तू तरुण दिसायला जे लावून राहिली, तेच तुला म्हातारं करून राहिलं असेल.

२०१८ मध्ये सरकारनं चेहऱ्यावर लावल्या जाणाऱ्या अशा १४ स्टेरॉइड क्रीमा शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्याच नाहीत. पण आपल्याकडे कोण चिठ्ठी मागतं, काउंटरवर गेलं अन् "भाऊ, गोरं व्हायचं काही द्या" म्हटलं की मिळते.

अन् ट्यूबवर काहीच लिहिलं नसेल, नुसतं कुठलं तरी परदेशी नाव अन् बाईचा फोटो असेल, तर ते अजून वाईट. अशा गोऱ्या करणाऱ्या क्रीमांमध्ये पारा सापडतो, केरळातल्या डॉक्टरांकडे अशा क्रीमा वापरून किडनी बिघडलेले पेशंट आले होते. पाय सुजत असतील, लघवीला खूप फेस येत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांग.

पण ऐक, हे वाचून आज रात्रीच ट्यूब डस्टबिनमध्ये टाकू नको. वर्षभराची सवय एकदम तोडली तर चेहरा असा भडकतो की घाबरून बाई परत तीच लावते, मी हे दोन-तीन जणींचं डोळ्यांनी पाहिलं आहे. याच आठवड्यात स्किनवाल्याकडे जा, ट्यूब सोबत ने, ते हळूहळू कशी सोडायची ते सांगतील अन् मधल्या काळात काय लावायचं तेही. प्रायव्हेटची फी जड वाटत असेल तर मेडिकलची किंवा मेयोची, या सरकारी हॉस्पिटलांची, स्किन ओपीडी आहे. आणि मेडिकल म्हणजे हॉस्पिटल म्हणते मी, दुकान नाही, आपल्या नागपुरात हा घोळ होतोच.

बरं, आता ऊन. आत्ता मार्च लागला, अजून पंधरा दिवसांनी ऊन चटके द्यायला लागेल अन् मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे तुला मी काय सांगू. सुरकुत्या, डाग, चामडी जाड होणं, याच्यात वयापेक्षा उन्हाचा वाटा मोठा असतो. विश्वास नसेल तर एक गंमत सांगते. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता, २८ वर्षं ट्रक चालवला, खिडकीकडची बाजू डावी, तर डावा गाल सगळा सुरकुतलेला, लोंबलेला, अन् उजवा त्याच्यापेक्षा किती तरी तरुण. माणूस एकच, जेवण एकच, आईबापही तेच. खिडकीची काच होती, तरी. कारण उन्हातले यूव्हीए किरण काचेतून आत येतात, ढगातूनही येतात. त्यामुळे ऑफिसात खिडकीजवळ टेबल असेल तर जागा बदलून माग किंवा पडदा लाव.

तू म्हणशील मी स्टोल बांधते ना. बांधते, पण कसला? जॉर्जेटचा झिरझिरीत असेल तर त्यातून ऊन आत येतं. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती दुपट्टा घे, उजेडाकडे धरून बघ, पलीकडचं दिसत असेल तर तो कामाचा नाही. दर दोन दिवसांनी धू, आपण आठ-आठ दिवस तोच घामट, धुळीचा स्टोल तोंडावर बांधतो अन् मग विचारतो हनुवटीवर पुटकुळ्या काहून येऊन राहिल्या. हेल्मेटची काच खाली ठेवायची, पॉलिकार्बोनेटची असते ती, यूव्ही बरंच अडवते, अन् डोकं वाचतं ते वेगळं.

सनस्क्रीन लावच, ही एकच गोष्ट अशी आहे ज्यावर पैसे खर्च करायला मी कधीच नाही म्हणत नाही. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातले चामडी जाळणारे किरण, अडवतं, ५० वालं ९८ टक्के, म्हणजे फरक एवढासाच, त्यामुळे १०० एसपीएफ वगैरेच्या मागे लागू नको. पाकिटावर पीए अन् त्याच्या पुढे अधिकच्या तीन-चार खुणा आहेत का ते बघ, ते यूव्हीएसाठी असतं. वांग असेल तर टिंट असलेलं घे, रंगाचं, कारण वांग नुसत्या यूव्हीनं नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही गडद होतं, अन् टिंटमधलं आयर्न ऑक्साइड ते अडवतं. आणि लावायचं किती, तर तर्जनी अन् मधल्या बोटावर पूर्ण लांबीची रेघ, चेहरा अन् मानेसाठी. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही, सगळ्या जणी वाटाण्याएवढंच लावतात अन् म्हणतात फायदा नाही झाला. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, अन् दुपारी बाहेर पडणार असशील तर परत. हातांच्या पाठीला विसरू नको, हँडल धरलेले हात दिवसभर उन्हात असतात, अन् बाईचं वय हातांवरून आधी कळतं.

घरात गॅससमोरची गरमी वांगाला भडकवते, भर उन्हाळ्यात दुपारी पोळ्या लाटत असशील तर ते काम सकाळी उरकून घे. वांगाचं अजून एक, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांग, त्यांनीही येतं.

आता संत्र्याच्या सालीची पावडर अन् लिंबू. एक स्वतःची फजिती सांगते. कॉलेजात असताना मी सुद्धा चेहऱ्यावर लिंबू चोळून रामटेकला एका लग्नाला गेले, भर एप्रिल, दिवसभर मांडवात. दोन दिवसांनी गालावर असे तपकिरी ओघळ उठले की जसं कोणी चहा सांडला, अन् ते जायला महिने लागले. लिंबाच्या रसात असं काही असतं की ते अंगावर असताना ऊन लागलं की कातडी जळते. सालीची पावडर तितकी वाईट नाही, पण वाळवून दळली की ती खरखरीत असते, तुझी चामडी आधीच पातळ झाली असेल तर वरून घासून काय मिळणार? हौस असेल तर बेसन-दही लाव, चोळू नको, धुऊन टाक. पण त्यानं वय कमी होत नाही, थोडं छान वाटतं एवढंच.

संत्रं खा ना बाई. आत्ता मृगाचा बहार बाजारात आहे, नागपूरच्या माणसानं संत्र्याची साल तोंडाला लावायची अन् फोडी मुलांच्या डब्यात द्यायच्या, हे काय लॉजिक? चामडीतलं कोलॅजन म्हणजे गादीतला कापूस समज, अन् तो कापूस बनवायला शरीराला व्हिटॅमिन सी लागतं, त्याच्याशिवाय कोलॅजनचे धागे घट्ट होतच नाहीत. पूर्वी जहाजावरच्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, जुन्या जखमा उघडायच्या, त्याचं कारण हेच, अन् १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरनं संत्री-लिंबू देऊन ते बरं होतं हे दाखवलं. तुला दिवसाला ६५ मिलिग्रॅम सी पाहिजे. शंभर ग्रॅम संत्र्यात साधारण २५ ते ३० मिळतं, म्हणजे दोन-तीन संत्री. पेरूत मात्र त्याच्या सात-आठपट असतं, एक मध्यम पेरू खाल्ला की दिवसाचा हिशोब संपला. नागपूरकरांना हे सांगितलं की थोडं वाईट वाटतं, पण आहे तसं आहे. ज्यूस करून साखर नको घालू, फोडी खा. अन् सी शरीरात साठत नाही फारसं, त्यामुळे रविवारी डझनभर खाऊन आठवडा ढकलता येत नाही.

लिंबूपाणी पी, पण मी तर म्हणते तेच लिंबू पोह्यावर पिळ, गॅस बंद केल्यावर. पोह्यातलं लोह त्यानं चांगलं अंगी लागतं. अन् त्यावर लगेच चहा नको, इथंच तुझी गडबड आहे. चहातलं टॅनिन लोह अडवून ठेवतं. आपल्याकडे तर्री-पोहा अन् त्याच्यावर कट चहा ही जोडी कोणी तोडू शकत नाही हे मला माहीत आहे, रविवारी कर बापा, पण रोज घरी एक तासाचं अंतर ठेव. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, तुझ्या जेवणात ते अर्धंही जात नसेल असा माझा अंदाज. डोळ्यांखालचं काळं, थकलेला चेहरा, याच्यामागे बरेचदा कमी हिमोग्लोबिन असतं. क्रीमच्या आधी रक्ताची एक सीबीसी, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२ अन् व्हिटॅमिन डी तपासून घे. केस गळत असतील तर नक्कीच.

कोलॅजन पावडरीचं सांगते, रागावू नको. ती पोटात गेली की तिचे तुकडे होतात, डाळ-अंड्याच्या प्रोटीनचे होतात तसेच, अन् ते तुकडे कुठे वापरायचे हे शरीर ठरवतं, गालावर जा असं कोणी त्यांना सांगत नाही. काही अभ्यासांत थोडा फरक दिसला आहे, पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांना पैसा कंपन्यांनीच दिला होता. आणली आहेस तर संपव, दुसरा डबा आणू नको. कारण तुझा खरा प्रश्न असा आहे की तू प्रोटीनच खात नाही. तुझं वजन ६० किलो धरलं तर दिवसाला ५० ग्रॅम तरी पाहिजे. पोह्यात चार-पाच, डब्यातल्या तीन पोळ्यांत नऊ-दहा, अन् रात्री वरणाच्या तळाशी जे पाणी उरलं असेल ते, सगळं मिळून तीसच्या आसपास जातं असं दिसतं. अंड्यात सहा ग्रॅम असतं, अन् ते तू उकडते कोणासाठी, तर मुलांसाठी. दोन तुझ्यासाठी टाक त्याच भांड्यात, गॅस तेवढाच लागतो! १८०० रुपयांत किती अंडी येतात ते तू अकाउंट्सवाली आहेस, तूच काढ.

हे "सगळ्यांचं झाल्यावर" प्रकरण मला सगळ्यात जास्त खटकलं. साडेदहाला, उरलेलं, उभ्या उभ्या. नणंद म्हणाली मोठी दिसते, तर दिसणारच ना, तू जेवतच नाही! उद्यापासून मुलांसोबत आठला बस, वरण घट्ट कर, एक वाटी आधी तुझ्या ताटात वाढ, भाताआधी. पहिले दोन दिवस घरात सगळे बघतील, मग सवय होते. झुणका, पाटवडी, मोड आलेली मटकी, हरभऱ्याची उसळ, ताक, यातलं काही तरी रोज. कोहळ्याची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, शेवग्याचा पाला, गाजर, पालक यातून व्हिटॅमिन ए मिळतं, थोड्या तेलात फोडणी दिली की ते जास्त लागू पडतं, उकडून खायची गरज नाही. उन्हाळ्यात कॉटन मार्केटला, गोकुळपेठेत चिवळ अन् घोळ ही पालेभाजी येते, दहा-वीस रुपयांची जुडी, ती सोडू नको. घोळीत ओमेगा-३ ही चांगली चरबी असते हे ऐकून माझ्या आईला फार हसू आलं होतं, म्हणे आम्ही तर गरिबीत खायचो ती.

अन् जवस. आपल्या विदर्भात जवसाची चटणी घरोघरी असायची, आता पोरी तेच जवस फ्लॅक्ससीड म्हणून ऑनलाइन मागवतात. आख्खे दाणे गिळले तर तसेच बाहेर पडतात, दळूनच खायचं. मंद आचेवर भाजायचं, तडतडायला लागले की उतरवायचं, सुकी मिरची, भरपूर लसूण, जिरं, मीठ, जाडसर फिरवायचं. आठ-दहा दिवसांपुरतीच कर, जास्त ठेवली की खवट होते. रोज एक-दोन चमचे पोळीला लावून, दुपारच्या डब्यात.

साखरेबद्दल थोडक्यात. जास्तीची साखर रक्तात फिरते अन् कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते, मग ते ताठर होतात, पाक वाळला की बोटं चिकटतात तसं. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, वरून बिस्किटं, हे ४०-५० ग्रॅमपर्यंत जातं अन् जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) म्हणते २५ च्या खाली असलं तर उत्तम. चहा सोड असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला तीन लागतात. अर्धा चमचा कमी कर, पंधरा दिवसांनी अजून अर्धा. बिस्किटाच्या जागी फुटाणे.

पाणी. दिवसाला पाच लिटर पाणी प्यायलं की सुरकुत्या जातात, हे खोटं आहे. पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तहान मारायची नाही, मठ्ठा, पन्हं, आंबील चालू ठेव. बाहेरून ओलावा पाहिजे तो आंघोळीनंतर अंग ओलं असतानाच साधं मॉइश्चरायझर लावून मिळतो, महागाचं नको.

झोप किती घेते ते तू लिहिलंच नाही, त्यावरून काय ते समजले. साडेदहाला जेवण म्हणजे झोपायला बारा, अन् उठायला साडेपाच. आठला जेवलीस तर हे आपोआप थोडं सुधरेल, मोबाइल मात्र स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव.

ह्यांच्या खर्र्याचं तू एका ओळीत उरकलं. वहिनी, सुपारी-तंबाखूनं तोंडाचं आतलं अस्तर घट्ट होत जातं, गाल आत ओढले जातात, तोंड कमी उघडायला लागतं. आज रात्री त्यांना म्हण, स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा. नाही गेली तर मेडिकलच्या शेजारच्या सरकारी डेंटल कॉलेजला घेऊन जा, चेहऱ्याच्या गोष्टी नंतर. नणंदेला तिचा दादा तरुण दिसतो ते ठीक आहे, पण आतून बघितलं आहे का कोणी त्याला?

दहा वर्षांचं मी तुला काही वचन देत नाही, कोणी देत असेल तर त्याचा डबा घेऊ नको. ट्यूब डॉक्टरांच्या हिशोबानं सुटली, ऊन अडलं अन् ताट भरलं तर पहिला फरक चार-सहा आठवड्यांनी दिसतो, वांगाला महिने लागतात, अन् ते उन्हाळ्यात परतही येतं. वरून लावायच्या औषधांमध्ये सुरकुत्यांवर खरोखर पुरावा आहे तो ट्रेटिनोइनसारख्या औषधांचा, पण तेही चामडी शांत झाल्यावर, डॉक्टर म्हणतील तेव्हा, रात्रीच, अन् गरोदरपणाचा विचार असेल तर अजिबात नाही.

खोकं सापडलं की त्यावरची नावं जशी आहेत तशी लिहून पाठव मला, अन् अपॉइंटमेंट कोणत्या दिवशीची मिळाली तेही.